दोन आणि पाऊण

लवू कुबलाचा चोकस्लॅम.
एक हात गळ्याला, दुसरा कमरेला,
आणि उचलताना डोळे पांढरे करायचा,
का ते त्यालाच ठाऊक.
पास्कूची होडीच्या नाळेवरून उडी,
हात पसरून, गळ्यातला क्रूस दातांत धरून,
कारण तो वाळूत हरवला असता
तर घरी खरी कुस्ती झाली असती.
मुजीबचा फिनिशर दर शनिवारी बदलायचा.

तांडेलांच्या टीव्हीवर शेवट यायच्या आत
आचऱ्याची लाइट जायची.
त्यानं त्याला खांद्यावर घेतलं, आणि काळोख.
तो वरच्या दोरावर उभा राहिला,
आणि तांडेलीण काड्यापेटी शोधतेय.
पुढचं आम्ही रविवारी शोधून काढायचो,
रापणीच्या जुन्या दोराचा रिंग,
चार कोपऱ्यांना चार वल्ही.
तिकडे कुठल्या देशात कोण कसा आपटला, देव जाणे.
आमच्याकडे तो सुकटीवर आपटला
आणि सुकट वाळत घालणारी बाई
परड्याच्या गडग्यापर्यंत मागे धावली.

मी वैजू. मी पंच.
मुलगी म्हणून नाही, म्हणाले, हात मोठा म्हणून.
वाळूवर थाप मारायची. एक. दोन. तीन.
माझा फिनिशर कोणी विचारला नाही.

बाबा म्हणायचे, खोटा आसा ता सगळा.
हेच बाबा जत्रेत रात्रभर दशावताराला बसायचे
आणि पहाटे चारला, मृदंग चढल्यावर,
तीन गिरक्या घेऊन राक्षस मेला
की दहाची नोट काढून बक्षीस द्यायचे.
मी म्हटलं, तो तरी खरा मरतो?
"तो मराक शिकलो हा."

तो म्हणजे दाजी पेडणेकर, राक्षसपार्ट,
चाळीस वर्षं हरत आलेला माणूस.
एका रविवारी किनाऱ्यावरून जाताना थांबला,
डोक्यावर पेटारा, भुवयांत रात्रीचं काजळ.
लवूनं पास्कूला आपटलेलं बघून म्हणाला,
"मेल्या, उचलतस तू, पण उडता तो. त्याका इचार."
पेटारा उतरवला आणि आम्हाला पडायला शिकवलं.
हनुवटी छातीला. श्वास आधीच सोडायचा.
पाठ एकदम टेकायची, सगळी,
टोपलीतून बांगडे ओततात तशी.
आवाज मोठा, मार थोडो.
"आणि मारणाऱ्यान हात सोडूचो नाय.
मान तुझ्याकडे ठेवक दिलेली आसा."

त्यानंतर मला डाव नीट दिसेचनात.
गळा दाबणारा हात बघायला जावं
तर दिसायचा दुसरा, मानेखालचा,
कासवाचं अंडं धरावं तसा
पास्कूची मान धरून बसलेला.

मुजीब मस्कतला गेला. पास्कू जहाजावर,
नाताळला फोटो पाठवतो, पोट सुटलंय.
मी बर्फाच्या कारखान्यात लाद्या मोजते.
दाजी झोपेतच गेला, गिरकी न घेता.

गेल्या आश्विनात ट्रॉलरवर
विंचचा दोर तुटून लवूच्या कमरेत बसला.
त्याला पडायचं कसं ते येत होतं,
पण दोराला ते कोणी शिकवलं नव्हतं.
बांबोळीच्या वॉर्डात सोळा दिवस उताणा,
दोन्ही खांदे गादीला टेकलेले,
म्हणजे नियमाप्रमाणे हरलेलाच.
मी शहाळं घेऊन गेले. तो छताकडे बघत म्हणाला,
"वैजू, मोज."

मी गादीवर थाप मारली. एक.
बाजूचा म्हातारा वळून बघायला लागला.
दोन.
आणि हात वर नेला आणि तिथेच ठेवला.
इतक्या वर्षांत पहिल्यांदा कळलं
की हा डाव माझ्याकडे होता,
पंचाच्या हाताइतका जड,
आणि तो मी कधी वापरला नव्हता.

लवूचा डावा खांदा हलला.
उचलला असं नाही म्हणणार. हलला.
सिस्टर दारातून ओरडली, इथे थापा कसल्या मारताय?
मी काही बोलले नाही.
हात खाली आणला असता, तर तीन झाले असते.